नव्वद बायांचा वारंगुळा

आमच्या हॉलात त्या दिवशी जो कल्ला झाला, तसा जालन्याच्या एमआयडीसीत त्याआधी झाला न्हाई अन् नंतर बी मी ऐकला न्हाई. तिकडं रोलिंग मिलांचा खडखडाट दिवसभर चालू असतो, त्याच्यावर आमचा आवाज गेल्ता. माहा नवरा कडूबा शेजारच्याच मिलवर कामाला. संध्याकाळी म्हणतो कसा, "कौसल्ये, आम्हाला वाटलं कुठं भट्टी फुटली." मी म्हणलं, "भट्टी न्हाई फुटली, बाया पेटल्या!"

पण असं मधूनच सुरू केलं तर तुम्हाला काय डोंबल कळणार. पहिल्यापासून सांगते.

साल नव्याण्णव. आमचा प्लांट बियाण्याचा. टमाटे, मिरची, वांगी, सगळं संकरित बी. मशीन बी साफ करायची, पण शेवटचा हात बाईचाच. लांबच लांब टेबलं, त्याच्यावर पांढरी ताटं, दोन्ही अंगानं आम्ही बसलेल्या. पोचट, फुटकं, काळं पडलेलं बी बोटाच्या टोकानं बाजूला सारायचं. घरी तांदूळ निवडतो तसंच, फक्त हा तांदूळ विमानात न् जहाजात बसून परदेशात जायचा. अशा आम्ही नव्वद बाया. मी सगळ्यात जुनी. मला कोणी मुकादम केलं नव्हतं, पण माहं तोंड असं की नवी आलेली बाई पहिल्या दिवशी मलाच विचारून पाणी प्यायला जायची.

मंग आमची कंपनी एका बाहेरदेशच्या लई मोठ्या कंपनीनं विकत घेतली. आम्हाला वाटलं, चला, मोठं घर भेटलं. गेटाला नवा रंग लागला, चहाचा कप लहान झाला, अन् एक दिवस मुळे साहेबांनी सगळ्यांना हॉलात गोळा केलं.

मुळे साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. पुण्याकडचे. माणूस वाईट न्हाई, पण पापडाच्या जातीचा, जरा ओल लागली की मऊ. खोक्यावर उभे राह्यले अन् घाम पुसत म्हणाले, "बायांनो, वरून निरोप आलाय. या हॉलचा खर्च कंपनीला परवडत नाही. हेच काम थायलंडला स्वस्तात होतं. हॉल तिकडं हलवायचं चाललं होतं, पण एक संधी दिलीय. तीस जणी कमी करायच्या. साठ राहतील. जी शेवटी आली ती आधी जाईल."

हॉलात एकेक बाई बोटं मोजाया लागली, आपण कितवी लागलो म्हणून. अन् मंग कोणी हुंदका दिला, कोणी शिवी दिली. माह्या शेजारची दुर्गाबाई मात्र माह्या मांडीला चिमटा काढून म्हणाली, "आपण दोघी वाचलो गं!" दुर्गाबाई अंबडच्या रोडवरच्या गावची, घरी मोसंबीची बाग. माह्यामागून दुसऱ्याच महिन्यात लागलेली. तिला कोण काढतंय!

वाचलो खरं. पण त्या तिसांत सगळ्यात शेवटी लागलेली माही धाकटी जाऊ होती, बेबीनंदा.

आता बेबीनंदाचं न् माहं काय होतं, ते ऐका. बदनापूरच्या अलीकडं आमचं गाव. भावाभावांची वाटणी झाली तवा घराचे दोन भाग झाले अन् पाण्याचा नळ तिच्या भागात गेला. तिनं म्हणावं ना, की बाई, नळ तुमचा बी हाये? न्हाई म्हणाली. मंग मी बी मागितलं न्हाई. तवापासून आमचं बोलणं बंद. बिलकुल बंद! काही सांगायचंच असलं तर ती शेळीला सांगायची अन् मी कोंबड्यांना. लेकी बोले सुने लागे. एकाच टेम्पोत बसून कामाला जायचो, ती पुढं बसली की मी मागं.

तिची नोकरी गेली काय न् राह्यली काय, माह्या चपलेला! पण माहा दीर पुंजाराम त्याच रात्री अंगणात म्हणाला, "हिचं काम गेलं तर आम्ही दोघं ऊसतोडीला जातो. मुकादमानं विचारलंच हाये." अन् माहं काळीज हाललं. कारण ते दोघं गेले की त्यांची प्रज्ञा बी संगं जाणार. तिसरीतली पोर. मला लेक न्हाई. ती झोपते माह्या कुशीत, जेवते माह्या ताटात, पाढे म्हणते माह्या कानात. उसाच्या फडात साळा कुठली! एकदा कोयत्यामागं गेलेलं पोर परत बाकावर बसलेलं मी पाह्यलं न्हाई. बेबीची नोकरी म्हणजे प्रज्ञाची साळा, असा तो सरळ हिशोब होता. रात्रभर मला डोळा लागला न्हाई.

दुसऱ्या दिवशी मुळे साहेब पुन्हा खोक्यावर चढले, अन् तोंड उघडायच्या आधीच मी उभी राह्यले.

"साहेब, तीस बाया कमी करायच्या म्हणजे तीस बायांचा पगार कमी करायचा, एवढंच ना?"

"हो... म्हणजे तसंच."

"मंग आम्ही वारंगुळा करतो!"

साहेबांना कळंना. पुण्याचा माणूस, त्याला काय ठाऊक! पण बायांना बराबर कळलं. आमच्याकडं पेरणीला, निंदणीला मजूर लावायची ऐपत न्हाई, ते वारंगुळा करतात. आज तुह्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. पैशाचा संबंध न्हाई, पाळीचा संबंध.

"असं बघा साहेब," मी म्हणलं, "नव्वदच्या तीन टोळ्या करा. दोन टोळ्या कामावर, एक घरी. दर आठवड्याला पाळी बदलायची. पगार सगळ्यांचाच तिसरा हिस्सा कमी होईल, पण चूल कोणाचीच इझणार न्हाई."

बया बया! काय गलका झाला म्हणता! तीस जणी तर टाळ्याच वाजवाया लागल्या. पण दुर्गाबाई ताडकन उठली. "कौसल्ये, तुला दानधर्म करायचा तर तुह्या ताटातलं कर! माह्या पगाराला काहून हात लावून राह्यली? माही नोकरी पक्की हाये!"

"आज पक्की हाये," मी म्हणलं. "आज शेपटाकडून तीस कापले. उद्या साठातून तीस कापतील, परवा उरलेले तीस, मंग शेपूट कोण? तू न् मीच ना?"

"उद्याचं उद्या!"

"उद्याचं उद्या म्हणणारी सुगरण आजच उपाशी मरते!" अशी काही म्हण न्हाई, तोंडात आली ती फेकली. पण हॉल हासला, अन् हासला की अर्धं काम होतं.

मुळे साहेब म्हणाले, मत घ्या. मत कसं घ्यायचं? मी म्हणलं, पाळी पाहिजे त्यांनी खिडकीकडं जा, तीस काढायचे त्यांनी दाराकडं थांबा. तीस जणी तर धावतच खिडकीला गेल्या. त्यांच्या मागं मी. मंग सगळं थांबलं. बाकीच्या ताटाकडं बघाया लागल्या. तीस न् एक, एवढ्यावर काय होतंय!

म्हातारी सगुणाबाई उठली. गुडघे धरत धरत खिडकीकडं आली अन् म्हणाली, "मला तसं बी आठवड्याभराचा आराम लागतोच." तिच्यामागं दोघी उठल्या. मंग चौघी. मंग एकदम बांध फुटावा तशा! टेबलं ढकलत, एकमेकीचे पदर तुडवत, हासत, रडत, सगळ्या खिडकीकडं. दाराकडं राह्यली एकटी दुर्गाबाई, कमरेवर हात ठेवून.

"या ना," मुळे साहेब म्हणाले.

"येते की! एकटीनं दारात उभं राहून काय राखण करू काय?" असं म्हणून ती पाय आपटत आली अन् मुद्दाम माह्या पायावर पाय देऊन उभी राह्यली.

साहेबांनी वर फॅक्स केला. उत्तर आलं. ठीक हाये, करून बघा. संक्रांतीनंतर मोठ्या ऑफिसातली मॅडम स्वतः येऊन बघेल अन् ठरवेल. पण एक अट. जिची पाळी तिनंच यायचं. एक बी गैरहजर दिसली, न्हाई तर एकीच्या जागी दुसरी बसलेली दिसली, तर हा खेळ तिथल्या तिथं बंद अन् तीस जणी त्याच दिवशी घरी. साहेबांनी सगळ्यांना नावाचे बिल्ले वाटले. छातीवर लावायचे, मराठीत न् इंग्रजीत नाव लिहिलेले.

अन् काय सांगू, वारंगुळा असा चालला असा चालला! पगार कमी झाला होता, खोटं कशाला बोलू. बाजारात हात आखडला, दोनदा विचार करून तेल घ्यायला लागलो. पण हॉलात जीव आला. ज्या टोळीची सुट्टी ती टोळी गावात कामावर असायची. जी घरी तिनं बाकीच्यांची पोरं सांभाळायची, कोणाचं दळण आणायचं, कोणाच्या म्हशीला पाणी दाखवायचं, कोणाच्या सासूला दवाखान्यात न्यायचं. कोणी सांगितलं नव्हतं. वारंगुळा म्हणला की हे आलंच. आधी रोज चारसहा बाया तरी गैरहजर असायच्या, आता एक न्हाई! मुळे साहेब हजेरी बघायचे अन् चष्मा पुसून पुन्हा बघायचे.

बेबीची टोळी वेगळी न् माही वेगळी. बोलणं मात्र बंद ते बंदच.

आता तो दिवस. मॅडम येणार होती तो. त्याच दिवशी मिरचीचा मोठा लॉट निवडून संध्याकाळी ट्रकनं मुंबईला जायचा होता, तिथून जहाजात. माही सुट्टीची पाळी. प्रज्ञा त्या रात्री आईपाशीच झोपली होती. मी सकाळी अंगण झाडून राह्यले होते, तर पलीकडून बेबीचा आवाज आला, शेळीला: "शेळ्ये गं, पोरगी तापानं फणफणली. मी चालले तिला घेऊन जालन्याच्या दवाखान्यात. आज माही पाळी हाये. जाऊ दे माही नोकरी, माही लेक राह्यली म्हणजे झालं!"

मी झाडू टाकून धावत गेले, तवर ती पोरीला पाठीशी बांधून, पुंजारामच्या सायकलीवर बसून रस्त्याला लागली होती. बिल्ला नळाला अडकवलेला. त्याच्यावर नाव, बेबीनंदा.

मी तो बिल्ला काढला, छातीला लावला, अन् पळत जाऊन टेम्पो धरला.

तुम्ही म्हणाल, अट ठाऊक असून? आहो, मला एक पळ बी वाटलं न्हाई की आपण काही गैर करून राह्यलो! वारंगुळ्यात पाळी घराची असते, माणसाची नसते. एका घरातून एक माणूस. सून बाळंतीण असली तर सासू जाते, नवरा आजारी असला तर भाऊ जातो. बांधावर कोणी विचारत न्हाई, तूच काहून आला म्हणून. माह्या हाडात तेच भिनलेलं. मॅनेजरची अट मला आठवली ती पार गेटाच्या आत गेल्यावर, मुळे साहेबांचं तोंड बघितलं तवा.

ते समोरून आले. माह्याकडं बघितलं, बिल्ल्याकडं बघितलं, अन् त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. कारण त्यांच्यामागंच मॅडम! उंच, पांढरे केस, पायात पुरुषासारखे बूट. आता ते काय बोलणार? बोलले तर त्यांचाच कारभार उघडा पडतो. मी मान खाली घातली, बेबीच्या जागेवर बसले अन् मिरचीचं बी निवडाया लागले. समोरून दुर्गाबाई दात खात कुजबुजली, "कौसल्ये, मसणात नेशील गं सगळ्यांना!"

"गप निवड!" मी म्हणलं.

मॅडम ताटाताटाशी थांबत आली. माह्याजवळ थांबली. वाकून बिल्ला वाचला. "बेबी... नंदा?"

मी मान हालवली. नुसत्या मानेवर भागवलं असं माह्या जन्मात पहिल्यांदाच झालं असंल. ती हासली अन् पुढं गेली. मुळे साहेबांनी रुमाल काढला अन् मान, कपाळ, चष्मा सगळं एकाच रुमालानं पुसलं.

दुपारच्या सुट्टीआधी सगळ्यांना आपापल्या जागेवरच बसायला सांगितलं. मॅडम बोलायची, साहेब मराठीत सांगायचे.

"मॅडम खूप खूश आहेत. इतके महिने एकही गैरहजर नाही. माल तिकडच्यापेक्षा स्वच्छ. हॉल थायलंडला जाणार नाही!"

अरारा! काय ओरडलो आम्ही! सगुणाबाईनं तर ताटच वाजवलं. मॅडमनं हात वर केला, अजून काही सांगायचं होतं. ती बोलली. मुळे साहेबांनी तिला पुन्हा विचारून घेतलं. ती पुन्हा बोलली. मंग साहेब खाली बघून म्हणाले, "मॅडमचं म्हणणं असं, की एवढं काम साठ जणी करू शकतात हे तुम्हीच सिद्ध केलंत. तेव्हा पाळीची गरज नाही. साठ जणी कायम. तीस जणींनी सोमवारपासून यायचं नाही."

काय बोलू मी तुम्हाला! इतके महिने पोटाला चिमटा घेतला, जीव तोडून काम केलं, अन् त्याच कामाची कुऱ्हाड करून आमच्याच पायावर! डोळ्यापुढं प्रज्ञा आली, डोक्यावर बोचकं, उसाच्या फडात. मी कोणाच्या बिल्ल्यावर बसलेय, काय अट हाये, काही ध्यानात राह्यलं न्हाई. उठलेच!

"साहेब, मॅडमला सांगा, साठ न्हाई! नव्वद! काम नव्वद जणींनी केलं!"

मॅडमनं विचारलं, कसं काय?

"एक बी गैरहजर न्हाई, एक बी गैरहजर न्हाई, म्हणून कौतुक करता. काहून न्हाई गैरहजर, ते विचारा की! घरी जी टोळी होती तिनं आमची घरं धरली म्हणून! विचारा एकेकीला!"

अन् मंग जे सुटलं ते! "माह्या तान्ह्याला सकाळपासून झुंबरबाईनं घेतलंय!" "माह्या सासूची मलमपट्टी बेबीची टोळी करायची!" "माहं सरपण घरच्या टोळीनं आणलं!" "माही म्हैस व्याली तवा मी इथं निवडून राह्यले होते, तिथं चतुराबाई होती!" कधी तोंड न उघडणाऱ्या बाया बी उभ्या राहून ओरडाया लागल्या. मुळे साहेब मराठीतून इंग्रजीत करता करता दमले, शेवटी नुसतेच हात हालवाया लागले. हाच तो कल्ला, मिलवर ऐकू गेलेला.

मॅडमनं शांतपणे ऐकून घेतलं. मंग म्हणाली, हे सगळं फार छान हाये, पण घरचं काम हा कंपनीचा विषय न्हाई.

"बराबर हाये," मी म्हणलं. आता माहा आवाज आपोआप खाली आला. "घरचं सोडा. कंपनीचंच बोलू. साहेब, मॅडमला वारंगुळा म्हणजे काय ते सांगा. आज तुह्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. आम्ही इतके महिने तुमच्या शेतात आलो. आमच्या पगाराचा तिसरा हिस्सा तुमच्या बांधावर टाकला. आता पाळी तुमची. तुम्ही आमच्या शेतात कवा येणार? जो घेतो अन् देत न्हाई, त्याच्या शेतात आमच्याकडं पुन्हा कोणी पाय ठेवत न्हाई!"

साहेबांनी सांगितलं. हळू, एकेक शब्द करून, अन् मी बघत होते, काही गाळलं न्हाई त्यांनी.

तवर खर्रकन आवाज झाला. दुर्गाबाईनं ताट पुढं ढकलून त्याच्यावर कमरेचं फडकं टाकलं होतं. तीच दुर्गाबाई, दारात एकटी राह्यलेली! "मी न्हाई निवडत," म्हणाली. "आमच्या मोसंबीच्या बागेला बी गडी लागतात. काम करून घेऊन हात झटकणारा मालक मला ठाऊक हाये. पाळी तोडायची तर अख्खी तोडा!" अन् हात मांडीवर ठेवून बसली. सगुणाबाईनं ताट झाकलं. मंग शेजारचीनं, मंग पलीकडचीनं. साठ ताटं झाकली गेली. लॉट अर्धा बाकी, अन् बाहेर मुंबईचा ट्रक उभा.

मॅडम ऑफिसात गेली, फोन लावायला. आम्ही बसून. नुसत्या बांगड्या वाजायच्या. सगुणाबाई पुटपुटली, "थायलंडच्या बाया बी अशाच बसून ऱ्हात असतील का गं?" मी म्हणलं, "त्यांना बी कोणीतरी सांगत असंल, जालन्याला स्वस्तात होतं म्हणून." मुळे साहेब माह्याजवळून जाता जाता थांबले अन् दुसरीकडंच बघत म्हणाले, "बेबीनंदाबाई, आज कौसल्याबाई कुठं दिसल्या नाहीत."

"सुट्टीवर हायेत त्या, साहेब," मी म्हणलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या फार बोलतात."

मॅडम आली. चेहऱ्यावरून काही कळंना. बोलली, अन् साहेबांचा आवाज चिरकला मराठीत सांगताना. "नव्वद जणी राहतील! मंदीत पाळी चालेल. हंगामात काम वाढलं की नव्वदच्या नव्वद कामावर, पूर्ण पगारावर. नवी बाई घ्यायच्या आधी, तिकडं एक पोतं पाठवायच्या आधी, पहिला हक्क तुमचा. हे लिहून मिळेल!"

मंग मात्र भट्टीच फुटली. दुर्गाबाईनं मला अशी मिठी मारली की माह्या बरगड्या मोडायच्या राह्यल्या. दुसऱ्या मिनटाला तीच ओरडली, "आता निवडा गं मिरची! ट्रक काय तुमच्या बापाचा हाये उभा राहाया?" फडकी उडाली, बोटं अशी चालली जशी बी नाचून राह्यलं!

मॅडम वही घेऊन माह्यापाशी आली. साहेब म्हणाले, "करारात बायांच्या वतीनं एक नाव लागेल. पुढची सगळी बोलणी त्याच बाईशी होतील. अन् करार आहे तोवर तिला कामावरून काढता येणार नाही. मॅडम म्हणतात, तुमचंच नाव."

मी तोंड उघडलं. अन् मॅडम वाकली, माह्या छातीवरचा बिल्ला वाचला, अन् एकेक अक्षर बघून लिहिलं. बेबीनंदा. मुळे साहेबांनी बी तोंड उघडलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, त्यांनी माह्याकडं. दोघांनी एकदमच मिटलं. "सही सोमवारी," साहेब म्हणाले, "टाईप करून आलं की."

टेम्पोत मला हासू बी येऊन राह्यलं अन् राग बी. भांडले मी, घसा माहा बसला, अन् नाव त्या बयेचं! पण मंग वाटलं, ज्या बाईला सगळ्यात आधी काढणार होते, तिलाच आता काढता येत न्हाई. असं करायचं म्हणून कोणी ठरवलं असतं तर जमलं नसतं.

घरी आले तर बेबी तिच्या उंबऱ्यावर बसलेली. प्रज्ञा मांडीवर झोपलेली, कपाळाला घाम, ताप उतरलेला. मी बिल्ला काढून बेबीच्या हातात दिला. तिनं तो घट्ट धरला, न् रडाया लागली. तिला वाटलं, काम गेलं.

"रडू नको," मी म्हणलं. सरळ तिलाच म्हणलं. "सोमवारी कामावर जा अन् सही कर. नव्वद जणींच्या वतीनं तू मॅडमशी बोललीस. ताटं झाकायला लावलीस. कंपनीला पाळी मागितलीस. आता तुला कोणी काढू शकत न्हाई."

तिला काही कळंना. मंग सरकून तिनं उंबऱ्यावर मला जागा केली अन् घाबरत घाबरत विचारलं, "बाई, काय काय बोलले मी तिथं?"